अख्खे झिंगे घरी करताना



आज आपण झिंग्यांविषयी बोलू. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांनी मनाला लावून घेऊ नये. कोणी खावे असा आमचा आग्रह नाही. पण जे खातात त्यांच्या घरी हा जिन्नस येतो, आणि माहिती नसल्यामुळे वाया जातो. आमचा गेला, म्हणून हे सांगणे.

सुकट आपल्या बाजाराला नवी नाही. झिंगा म्हणजे नदीतली कोळंबी. गोदावरी आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तर हद्दीने वाहते. मंजरथला सिंदफणा तिला मिळते. गोदावरीत झिंगे पूर्वीपासून आहेत आणि भोई मंडळी ते धरत आली आहेत. १९७६ साली पैठणचे धरण झाले, पुढे सिंदफणेवर माजलगावचे झाले. पाणी जवळ आले, तशी मासळीही जवळ आली.

तरी अख्खा झिंगा समोर आला की भीती वाटते. लांब मिशा, काटेरी चोच, बाहेर आलेले डोळे! आम्ही दोघी जावा. आमच्या सासूबाई माळकरी. त्या म्हणाल्या, "हा किडा माझ्या चुलीवर नको." आम्ही हो म्हटलं. अंगणात तीन दगड मांडले, भांडे वेगळे घेतले.

पण पहिल्या खेपेला ते भांडे चुलीवर चढलेच नाही. दिवस वैशाखाचे. माजलगावला एक किलो झिंगे घेतले, पिशवीला गाठ मारली आणि एसटीत मांडीवर ठेवले. घरी यायला दोन तास लागले. पिशवी सोडली तर नाक धरायची वेळ आली. डोकी लोंबत होती, गर चिखलासारखा झाला होता. एका दिवसाची मजुरी त्यात गेली होती. आमच्यातली एक म्हणाली, "धुवून मसाला जास्ती घालू का?" घातला नाही, हे फार बरे झाले. मसाल्याने वास झाकतो, पण नासलेले चांगले होत नाही. घरात दोन लहान लेकरे होती. ते सगळे खड्डा करून पुरले.

असे का झाले? झिंग्याच्या डोक्यात अन्न पचवणारे रस असतात. जीव गेला की तेच रस त्याचा स्वतःचा गर पचवू लागतात. त्यात आपल्याकडचे ऊन!

पुढच्या खेपेला आम्ही विकणाऱ्या मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "पोरींनो, आधी नाकाला इचारा, मग डोळ्याला." ताज्या झिंग्याला नदीच्या पाण्याचा वास येतो. शिळ्याला मुतारीसारखा उग्र वास येतो. ताज्याचे डोके घट्ट असते, कवच चकचकीत असते, बोटाने दाबले तर अंग पुन्हा वर येते. डब्यात खाली बर्फ, मध्ये झिंगे, वर पुन्हा बर्फ, असे आणावे. बर्फ नसेल तर लांबून आणूच नये. डोकी तिथल्या तिथे काढून घेतली तर माल अधिक टिकतो.

आता साफ करणे. आधी चोच आणि मिशा कात्रीने कापा. चोच बोटात शिरली तर जखम पिकते. एका हाताने डोके आणि दुसऱ्या हाताने धड धरून पिळा, डोके सुटते. पोटाकडून पाय ओढले की कवच सालासारखे निघते. पाठीवर सुरीने उभी चीर द्या. आत काळा दोरा दिसेल. ते त्याचे आतडे. त्यात घाण आणि रेती असते. सुरीच्या टोकाने ते उचलून टाका. दोरा तुटला तर घाई करू नका, उरलेला तुकडा शोधा, नाहीतर दाताखाली कचकच येते. अर्धा किलो झिंग्यांचा गर पाव किलोसुद्धा भरत नाही. आमचा तर पहिल्यांदा विश्वासच बसेना! गराला मीठ आणि हळद लावा.

डोकी टाकू नका. चव तिथेच आहे. ताजी असतील तर डोळ्यांमागची रेतीची पिशवी काढा, डोकी धुऊन तेलात परता, पाणी घालून उकळा आणि गाळा. त्या पाण्यात लसूण, काळा मसाला, दाण्याचा कूट, थोडी चिंच. कालवणाला चांगली उकळी आली, की शेवटी गर सोडायचा.

शेवटी का? आम्ही दुसऱ्या खेपेला मटणासारखे पाऊण तास शिजवले. ते रबरासारखे झाले. लेकरांनी चघळून चघळून टाकून दिले. झिंगा चार-पाच मिनिटांत होतो. गर काचेसारखा दिसतो तोवर तो कच्चा. आतपर्यंत पांढरा झाला, बाहेरून तांबूस झाला आणि वळला, की उतरवा. मोठा असेल तर एक कापून पाहा. हा तांबडा रंग आपल्या मिरचीचा नव्हे बरं का. तो झिंग्यात मुळातच असतो, एका प्रथिनाने झाकलेला. आच लागली की झाकण सुटते.

शंभर ग्रॅम गरात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. लेकरांना ती हवीतच. पण पहिल्यांदा एखादाच तुकडा द्या. आमच्यातल्या एकीने तिसऱ्या खेपेला दोन झिंगे खाल्ले आणि तिच्या ओठाला खाज सुटली. घटकाभरात ओठ सुजला, अंगावर गांधी उठल्या. कालवण उत्तम झाले होते, माल ताजा होता. काही जणांच्या अंगाला झिंगाच सोसत नाही. लगेच डॉक्टरकडे नेले, म्हणून निभावलं. तेव्हापासून ती साफ करते, रांधते, पण खात नाही, कालवणाचा रस्सासुद्धा नाही. कोणाला दम लागला, घसा आवळल्यासारखा झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन लावा.

कवचे त्याच दिवशी खोल पुरा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात. हाताला लिंबाची फोड चोळा. आमचे ते भांडे अजून अंगणातल्या खुंटीलाच आहे. सासूबाई त्याला हात लावत नाहीत. पण बाजारचा दिवस आला, की आठवण त्याच करतात, "बर्फाचा डबा घेतला का गं?"