करंजाडेचं ॲव्हरेज

(पनवेलजवळच्या करंजाडे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



मला पाणी आणि टँकर या विषयावर बोलायला बोलावलं असतं, तर आज हा मंडप अपुरा पडला असता याची मला कल्पना आहे. पण ॲव्हरेज हाही आपल्याकडे काही कमी जिव्हाळ्याचा विषय नाही. सोसायटीत कुणाची नवी गाडी आली की पेढा हातात घेतानाच पहिला प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि मालक जो आकडा सांगतो, तो बहुतेक वेळा त्याने मोजलेला नसतो. शोरूममध्ये ऐकलेला असतो.

आज मी छोट्या गाड्यांपुरतंच बोलणार आहे. छोटी गाडी कोणती, याचा वाद नको म्हणून सरकारचीच व्याख्या घेऊ. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 18 टक्क्यांवर आला तो चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर. ऑल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, टियागो, स्विफ्ट या सगळ्या त्यात बसतात. खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्यांपैकी बऱ्याचशा याच असतील.

ऑल्टो के10 चा जाहीर आकडा लिटरला 24 च्या वर आहे. वॅगन आर एक लिटर इंजिनाचीही तेवढीच. 2021 साली आलेल्या सेलेरिओच्या एका मॉडेलचा तर 26.68. दशांशानंतर दोन आकडे दिले की माणसाचा विश्वास बसतो. आणि मग तीच गाडी करंजाडेहून रोज बेलापूरला न्यायला लागलं की बारा-तेरावर येते, आणि आपण म्हणतो कंपनीने फसवलं.

कंपनीने फसवलेलं नसतं. तो आकडा खरा असतो, पण तो करंजाडेचा नसतो. तो एका खोलीतला असतो. ती खोली नीट बघण्यासारखी आहे.

पुण्यात कोथरूडला टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, 1966 पासूनची. अशा चाचणी संस्थेत गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. समोर वाऱ्यासाठी मोठा पंखा, आणि चालकापुढे पडद्यावर एक रेषा. कोणत्या सेकंदाला किती वेग हवा ते ती रेषा सांगते आणि चालकाने पाय तिच्याबरोबर ठेवायचा. हा सगळा प्रयोग 1180 सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडा कमी. अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग ताशी 90, सरासरी 32-33. एसी बंद. आणि गंमत अशी की पेट्रोल मोजतच नाहीत. धूर गोळा करतात, त्यात कार्बन किती गेला ते बघतात आणि त्यावरून किती पेट्रोल जळलं ते काढतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे हा हिशेब चोख बसतो.

या चाचणीचा शहरी भाग युरोपातून आला. 1970 च्या सुमाराचा तो आराखडा. त्यात शून्यापासून ताशी 50 पर्यंत जायला 26 सेकंद घ्यायचे असतात. सव्वीस! पनवेलच्या कुठल्याही सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावर हे करून बघा. दहाव्या सेकंदाला मागचा रिक्षावाला तुमचं कूळ काढेल.

आपल्याकडे ही चाचणी येण्याआधी आपली स्वतःची होती, 108 सेकंदांची, पुन्हा पुन्हा चालवायची. तिचा कमाल वेग 42 आणि सरासरी 22 च्या आसपास. म्हणजे आजच्या पनवेलला ती आजच्या चाचणीपेक्षा जवळची होती, असं मला वाटतं. खोलीतला आकडा रस्त्यावर मिळत नाही, हा धडा युरोपलाही उशिरा मिळाला. तिथे जाहीर आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतली तफावत 2001 मध्ये 9 टक्क्यांच्या घरात होती, ती 2015 पर्यंत 40 च्या वर गेली. गाड्या रस्त्यावर सुधारत होत्या त्यापेक्षा परीक्षेत जास्त हुशार होत होत्या. शेवटी 2017 पासून त्यांनी चाचणीच बदलली. नव्या चाचणीत वेग ताशी 131 पर्यंत जातो आणि वेळ अर्धा तास असतो.

आता करंजाडेच्या रस्त्यावर येऊ. सकाळी पावणेनऊला निघालात, बेलापूरकडे जायचंय. पंधरा किलोमीटर धरू आणि पाऊण तास धरू. ट्रेलर आडवा आला तर तासही लागतो, पण पाऊण तास धरू.

हीच गाडी ताशी 40-50 च्या वेगाने, एसी बंद ठेवून, कुठेही न थांबता गेली असती तर लिटरला 26 सहज दिले असते. म्हणजे पंधरा किलोमीटरला 580 मिलिलिटर.

आता थांबे. गाडी वेगात आहे म्हणजे तिच्यात आपण पेट्रोल जाळून गती भरलेली आहे. ब्रेक दाबला की ती गती ब्रेकमध्ये तापून जाते आणि पुन्हा वेग घ्यायला पुन्हा पेट्रोल. माणसांसकट साडेनऊशे किलोची गाडी आणि इंजिन पेट्रोलमधल्या उष्णतेचा पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवतं असं धरा. ताशी 30 वरून थांबलात तर पुन्हा 30 वर यायला लागतं पाच मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचा. 50 वरून थांबलात तर तीन चमचे. 80 वरून थांबलात तर सात. वेग वाढतो त्यापेक्षा चमचे फार झपाट्याने वाढतात, कारण हिशेब वेगाच्या वर्गाचा आहे. दोन गतिरोधकांच्या मध्ये रिकामा रस्ता दिसला म्हणून गाडी पळवणारा माणूस आपल्याच टाकीतून चमच्याचमच्याने पेट्रोल काढून रस्त्यावर ओतत असतो. वाटेत वीस थांबे धरा, सरासरी दोन चमचे. झाले 200 मिलिलिटर.

मग एसी. याबद्दल आपली समजूत जरा उलटी आहे. एसी किलोमीटरमागे पेट्रोल खात नाही, तासामागे खातो. छोट्या गाडीत तासाला साधारण अर्धा लिटर. हायवेवर 80 ने जाताना तो अर्धा लिटर ऐंशी किलोमीटरमध्ये वाटला जातो, कळतही नाही. कळंबोलीच्या कोंडीत तोच अर्धा लिटर पंधरा-वीस किलोमीटरच्या डोक्यावर बसतो. आपल्या पाऊण तासाचे साधारण 350 मिलिलिटर धरू. शिवाय दहा मिनिटं गाडी जागच्या जागी घुरघुरत उभी, त्याचे 80.

बेरीज करा. 580, 200, 350 आणि 80. बाराशे दहा मिलिलिटर. पंधराला 1.21 ने भागा. 12.4.

मेकॅनिककडे जाऊन ‘ॲव्हरेज कमी देतेय, बघ जरा’ म्हणायच्या आधी हा भागाकार करून बघावा. गाडीत बिघाड नाही. बिघाड असलाच तर रस्त्यात आहे, आणि तो कुठल्याच मेकॅनिकच्या हातात नाही.

तीच गाडी रविवारी अटल सेतूवर न्या. गव्हाण फाट्यावरून पुढे जाऊन एकदा पुलावर चढलात की जवळपास बावीस किलोमीटर ना सिग्नल, ना गतिरोधक. ताशी 80 धरून एसी लावून गेलात तर वीसच्या पुढे जाईल. 100 धरलात तर मात्र घसरेल, कारण वाऱ्याचा विरोधही वर्गानेच वाढतो. 60 च्या मानाने 100 ला तो पावणेतीनपट होतो. वॅगन आरसारख्या उंच गाडीला हे जास्त जाणवतं. वर कॅरिअर लावून त्यावर बॅगा बांधल्या तर विचारूच नका. पीसीआरए ही 1978 पासूनची सरकारी संस्था ताशी 45-55 चा वेग सांगत आली आहे. एक्स्प्रेस वेवर 50 ने चालवा असं मी सांगणार नाही, मागून येणारा टँकर ते ऐकून घेणार नाही. पण 80 आणि 100 मधला फरक खिशाला कळतो आणि पुण्याला पोहोचायला फार तर पंधरा मिनिटं उशीर होतो.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर घाटाचं सांगतो. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. चार माणसं आणि सामान धरून अकराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला साधारण 650 मिलिलिटर पेट्रोल लागतं, आणि हा फक्त चढाचा खर्च. म्हणून पुण्याला जातानाचं ॲव्हरेज वेगळं आणि येतानाचं वेगळं. एकाच फेरीवरून कुणी छाती फुगवू नये किंवा बडवूही नये.

आणि येताना उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची, हा आपल्याकडचा जुना वसा. प्रीमियर पद्मिनीच्या आणि सुरुवातीच्या मारुती 800 च्या कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या गाडीत गिअर टाकलेला असताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त, ब्रेक तापतात आणि गाडी ताब्यात राहत नाही. काकांनी तीस वर्षं असंच केलं म्हणून आपणही करायचं, याला अर्थ नाही. काकांची गाडी वेगळी होती.

मग छोट्या गाडीचा फायदा नेमका कुठे? वजन कमी, हे तर उघड आहे. प्रत्येक थांब्याचा चमचा छोटा होतो. दुसरं कारण सहसा सांगितलं जात नाही. मोठं इंजिन गर्दीत रेंगाळतं तेव्हा त्याचा श्वास आवळलेला असतो. हवा आत ओढायलाच त्याची ताकद खर्च होते. छोटं इंजिन त्याच कामासाठी जरा मोकळा श्वास घेतं. म्हणून कोंडीत ऑल्टो बारा देते तिथे मोठी पेट्रोल एसयूव्ही सात-आठवर येते. टाटांची 624 सीसीची नॅनो, सहाशे किलोची, याच हिशेबावर उभी होती. ती का चालली नाही तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

इथे एक गणिताचा सापळा सांगतो. महिन्याला हजार किलोमीटर धरा. 20 चं ॲव्हरेज 22 वर नेलं तर साडेचार लिटर वाचतात. 12 चं 14 वर नेलं तर जवळजवळ बारा लिटर. दोन्हीकडे वाढ दोनचीच. म्हणून गर्दीत कमी देणाऱ्या गाडीवर केलेली काटकसर जास्त फळते. अर्ध्या किलोमीटरवरच्या दुकानात गाडी न नेणं, हीही त्यातलीच. इंजिन तापेपर्यंत ते जास्त पेट्रोल मागतं आणि सेक्टरमधल्या सेक्टरमध्ये फिरणारी गाडी कधी नीट तापतच नाही.

इथेनॉलबद्दल प्रश्न येणारच, आधीच सांगतो. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींना 6 ते 7 टक्के आणि या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांना 1 ते 2 टक्के घट येईल असा अंदाज दिला होता. म्हणजे 15 देणारी जुनी गाडी 14 देईल. 15 ची 10 झाली असेल तर दोष इथेनॉलला देऊ नका, टायरमधली हवा आणि रस्ता बघा.

मोजायचं कसं? डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा जरा उदार असतो. टाकी फुल करा, मीटर लिहून ठेवा, गाडी नेहमीसारखी चालवा, पुन्हा त्याच पंपावर पहिल्या कटऑफपर्यंत फुल करा आणि भागाकार करा. पंपावरच्या पोराला ‘अजून थोडं टाक’ म्हणायचं नाही. एका टाकीवर भरवसा ठेवू नका, तीन-चार टाक्या होऊ द्या.

शेवटचं, सीएनजी. वॅगन आरचा जाहीर आकडा किलोला 34 आहे म्हणून लोक हरखतात. पण किलोभर सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट ऊर्जा असते. इंजिन तेच, आकडा मोठा दिसतो एवढंच. खरी बचत होते ती दरातल्या फरकामुळे. पेट्रोल 104 रुपये लिटर आणि सीएनजी 80 रुपये किलो धरू. आपल्या रोजच्या रस्त्यावर जरा सुटसुटीत दिवशी पेट्रोलवर 15 आणि सीएनजीवर 22 मिळाले, तर किलोमीटरला सात रुपयांऐवजी साडेतीन-पावणेचार पडतात. सव्वातीन रुपये वाचले. सीएनजी मॉडेलला ऐंशी-नव्वद हजार जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला पंचवीस-सव्वीस हजार किलोमीटर लागतात. महिना हजार चालवणाऱ्याला दोन वर्षं आणि वर थोडं. महिना तीनशे चालवणाऱ्याला सात वर्षं, आणि गणपतीला कोकणात निघताना डिकीत सिलिंडर. रांगेत जाणारा वेळ मी यात धरलेला नाही, तो ज्याचा त्याने धरावा.

आता प्रश्न घेऊ. टँकरचे सोडून.