महायुद्धात गेलेली आपल्या गावची माणसे
(गावाच्या शताब्दी समारंभात संकलन समितीच्या वतीने केलेले भाषण)



शताब्दीनिमित्त बैठकेच्या भिंतीवर एक फलक लावावा आणि दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आपल्या गावच्या माणसांची नावे त्यावर लिहावीत, असे मंडळाने ठरवले. ते काम आमच्या समितीकडे आले. महिनाभरात संपेल असे आम्हांला वाटले होते, प्रत्यक्षात वर्ष लागले. शाळेतल्या मराठीच्या मुलांना आम्ही घरचा अभ्यास दिला, "तुमच्या घरातून लढाईवर कोण गेले होते, ते आजीला विचारा." पहिल्या आठवड्यात चार नावे आली. आज आमच्याकडे अकरा आहेत. त्या अकरा जणांविषयी आणि त्यांच्या घराण्यांविषयी थोडे सांगायला आम्ही उभ्या आहोत.

ही माणसे कोणाची होती? गिरमिटावर आलेल्यांची नातवंडे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून पहिले मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली माणसे येत राहिली. साखर कोठीच्या कांपात, गवताच्या छपराखाली त्यांचे आयुष्य गेले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास साखरेला भाव आला. गोऱ्या मालकांनी जमिनीचे तुकडे पाडून विकले. तेव्हा आपल्या पूर्वजांनी बायकांचे दागिने विकून, कर्ज काढून इथे थोडी थोडी जमीन घेतली आणि कांप सोडून ते या गावात आले. त्याच घटनेची आज शंभर वर्षे आपण साजरी करतो आहोत.

पुढे वीस वर्षांनी दुसरे युद्ध पेटले. १९४१ पासून मॉरिशसची माणसे पायोनियर कोअरमध्ये भरती होऊन इजिप्तकडे जाऊ लागली. हे कोअर म्हणजे लष्कराचे मजूरदल. जहाजे उतरवायची, रस्ते आणि रेल्वेचे रूळ टाकायचे, तंबू ठोकायचे, दारूगोळ्याची कोठारे राखायची. आपल्या अकरांपैकी दहा जण याच दलात होते. कोणी इजिप्तमध्ये राहिले, कोणी लिबियाच्या वाळवंटातून पुढे इटलीपर्यंत गेले.

ते का गेले, हे आम्ही प्रत्येक घरी विचारले. साम्राज्यासाठी गेले असे एकाही घराने सांगितले नाही. एका घरी जमिनीचे कर्ज फिटले नव्हते. एका घरी दोन बहिणींची लग्ने राहिली होती. एक जण कोठीवरच्या सरदाराशी भांडून तडक भरतीला गेला. पगारातला काही भाग दरमहा घरी मिळत असे, हे सर्वांनी सांगितले. आज बाजारापलीकडे जी दोन घरांची जमीन आहे, ती त्या पैशांतून सुटलेली आहे. आजाने कोठीवर फावडे मारले, नातवाने वाळवंटात मारले, असे एका आजींनी आम्हांला हसत हसत सांगितले. त्या हसल्या खऱ्या, पण आम्हांला हसू आले नाही.

मागे राहिलेल्यांचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. आपला तांदूळ प्रामुख्याने ब्रह्मदेशातून येई. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तांदूळ बंद झाला. उसाच्या जमिनीत मान्योक, मका, रताळी लावण्याचा सरकारी हुकूम निघाला. मान्योक किसून, वाळवून, त्याच्या पिठाच्या भाकऱ्या करायला आपल्या आज्या तेव्हा शिकल्या. १९४५ साली तर जानेवारी, फेब्रुवारी आणि एप्रिल अशी तीन चक्रीवादळे आली, आणि त्याच वर्षी मुलांमध्ये पोलिओची साथ पसरली. नवरा इटलीत, घराचे छप्पर उडालेले, मूल तापाने फणफणलेले, अशा स्थितीत ज्या बायकांनी घर सांभाळले, त्यांची नावे कोणत्याही सरकारी यादीत नाहीत. म्हणून फलकावर प्रत्येक सैनिकाच्या नावाखाली त्याच्या आईचे आणि पत्नीचे नाव लिहायचे आम्ही ठरवले आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ती आम्हांला त्या घरच्या मुलाने, म्हणजे आज सत्तरी गाठलेल्या मुलाने सांगितली. त्याचे वडील इजिप्तमध्ये एका डेपोवर होते. हिंदुस्थानच्या फौजेतल्या मराठा पलटणीही तेव्हा त्या बाजूला होत्या. एके दिवशी ट्रकमधून माल उतरवताना त्यांच्या कानावर मराठी पडले. ते धावत गेले आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलू लागले. तो शिपाई चकित झाला. त्याने विचारले, "तू कुठल्या गावचा रे?" हे म्हणाले, "मोरिसचा." तो म्हणाला, "अरे, ते बेट झालं. तुझं गाव कुठलं?" यांना उत्तर देता आले नाही.

युद्ध संपून ते घरी आले. बोटीतून उतरून घरी पोचल्यावर त्यांनी वडिलांना पहिला प्रश्न तोच विचारला. वडिलांनाही रत्नागिरीपलीकडे काही ठाऊक नव्हते. मरेपर्यंत त्यांना ते उत्तर मिळाले नाही. मागच्या वर्षी त्यांचा नातू आमच्याबरोबर मोका येथे महात्मा गांधी संस्थेत आला. गिरमिटियांची जुनी रजिस्टरे तिथे जपून ठेवली आहेत. घरातल्या एका जुन्या कागदावर पणजोबांच्या वडिलांचा प्रवासी क्रमांक होता. त्यावरून नोंद सापडली. नाव, बापाचे नाव, जहाज, जिल्हा, आणि गाव. संगमेश्वराकडचे गाव. त्यांचा फोटोसुद्धा मिळाला. नातवाने तिथेच बाहेर येऊन घरी फोन केला आणि गावाचे नाव तीनदा उच्चारून सांगितले.

आपली आडनावे कशी बनली, तेही या कामात आमच्या लक्षात आले. रजिस्टरात माणसाचे एकच नाव लिहीत. तेच पुढे मुलांचे आडनाव झाले. कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, म्हणून सख्ख्या भावांची आडनावेही वेगळ्या स्पेलिंगची झाली. लष्कराच्या कागदांत ती आणखी बदलली. आपल्या दोन सैनिकांना आम्ही सहा महिने परके समजत होतो. ते एकाच आजाचे नातू निघाले.

कागदांबरोबर मेडलेही निघाली. पाच घरांत ती सापडली. एका ठिकाणी ती बिस्किटांच्या डब्यात, सुयादोऱ्यांबरोबर होती. हे लक्षात ठेवा, त्या युद्धाची मेडले ब्रिटनने नाव न कोरता दिली. हे मेडल कोणाचे, हे ते मेडल सांगू शकत नाही, घरातले माणूसच सांगू शकते. एका घरी ते माणूस आम्ही जायच्या तीन महिने आधी वारले होते. डबा आहे, मेडल आहे, पण ते थोरल्या काकांचे की धाकट्या, हे आता कोणालाच ठाऊक नाही.

राहिले अकरावे नाव. त्यावरून आमच्या समितीत वाद झाला, तो लपवण्याचे कारण नाही. हे गृहस्थ पायोनियरमध्ये नव्हते, मॉरिशस रेजिमेंटमध्ये होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांची पलटण मादागास्करच्या दिएगो स्वारेज बंदरात उतरली. तिथे शिपायांनी हुकूम मानायला नकार दिला. पुष्कळांना शिक्षा झाल्या, पुढे पलटणच मोडून टाकली. आपल्या गावचा हा माणूस त्यांत होता. घरी परतल्यावर त्यांनी त्याविषयी कधी तोंड उघडले नाही, आणि घरच्यांनीही उघडले नाही. आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडले की दहाच नावे लिहावीत. काहींनी विचारले, की कोठीवर अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या आजांना आपण मान देतो, मग याच माणसाला का वगळायचे? त्या पलटणीने जे केले ते योग्य होते की नव्हते, याचा निवाडा आम्ही केलेला नाही. तो आमचा अधिकार नाही. पण ते या गावातून गेले होते, एवढे तर खरे आहे.

आम्ही त्यांच्या घरी दोनदा गेलो. चहा मिळाला, विषय निघाला नाही. तिसऱ्यांदा त्यांच्या सूनबाई, ज्या आता स्वतः आजी आहेत, एवढेच म्हणाल्या, "लिहायचं तर सगळं लिहा. अर्धं लिहू नका." म्हणून फलकावर अकरा नावे आहेत, आणि कोण कोणत्या दलात होते तेही लिहिले आहे.

शेवटी एक विनंती. फलकावर खाली थोडी जागा मोकळी सोडली आहे. अजून नावे असतील असे आम्हांला वाटते. आज घरी गेल्यावर कपाटावरची पेटी खाली काढा. जुना कागद, पगाराचे पुस्तक, फोटो, मेडल, काहीही असो, टाकून देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून ते कोणाचे हे विचारा आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. मग आमच्याकडे या. शनिवारी दुपारी आम्ही बैठकेत असतो.