शेरलॉक होम्सच्या पुस्तकातले मॉर्मन आणि आपण
(सोलापुरात तरुण वाचकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी एकाने मला फोन केला. म्हणाला, "सर, मॉर्मन लोकांशी आपलं काय देणंघेणं? सोलापुरात एक तरी मॉर्मन असेल का?" मला तरी इथे कधी कुणी भेटलेला नाही. तरीही मॉर्मन म्हणजे कोण, हे मी नववीत असतानाच मनाशी पक्कं करून टाकलं होतं. एकही मॉर्मन न पाहता मी त्यांच्याविषयी मत कसं बनवलं, तिथूनच आज सुरुवात करतो.

मला शेरलॉक होम्सचं वेड होतं. ग्रंथालयातून मराठी अनुवाद आणायचे आणि रात्रीत संपवायचे. आर्थर कॉनन डॉईलची होम्सवरची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' 1887 साली आली. तिच्या सुरुवातीलाच डॉक्टर वॉटसन सांगतो की तो लष्करी डॉक्टर म्हणून मुंबईला उतरला, तिथून अफगाणिस्तानात गेला आणि मैवंदच्या लढाईत जखमी झाला. खुनशी गाझींच्या तावडीतून तो थोडक्यात वाचला. हे वाचून मला राग आला होता. परक्या फौजेविरुद्ध आपल्या मुलखात लढणारे लोक खुनशी कसे? पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. ग्रंथालयाचं पुस्तक होतं, तसं करायला नको होतं.

त्याच पुस्तकाचा दुसरा भाग अमेरिकेत घडतो. तिथे मॉर्मन आहेत. ते मुली पळवतात, अनेक बायका करतात, विरोध करणाऱ्यांचे रात्रीतून खून करतात. ल्यूसी फेरियर नावाच्या मुलीचं मनाविरुद्ध लग्न लावतात आणि ती झुरून मरते. हे वाचताना मात्र मी समासात काहीच लिहिलं नाही. सगळं खरं मानलं.

आपल्याविषयी एक शब्द चुकीचा आला तर तो मला बोचला. दुसऱ्या एका समाजाविषयी अर्धं पुस्तक तसंच होतं, ते मी चवीने वाचलं. हे मला फार उशिरा कळलं.

आता मॉर्मन म्हणजे कोण, ते थोडक्यात सांगतो. जोसेफ स्मिथ या तरुणाने 1830 साली न्यूयॉर्क राज्यात 'बुक ऑफ मॉर्मन' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी पंथाची स्थापना केली. एका फरिश्त्याने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण तो ग्रंथ भाषांतरित केला, असा त्याचा दावा होता. 1838 मध्ये मिसूरी राज्याच्या गव्हर्नरने या लोकांना हाकला, नाहीतर संपवा, असा लेखी हुकूम काढला. तो हुकूम रीतसर रद्द व्हायला 1976 साल उजाडलं. 1844 मध्ये जमावाने तुरुंगात घुसून जोसेफ स्मिथला ठार केलं. मग ब्रिगहॅम यंग या नेत्याच्या मागून हे लोक 1847 मध्ये पश्चिमेच्या वाळवंटात गेले आणि तिथे त्यांनी सॉल्ट लेक सिटी वसवली. आज जगभरात त्यांची संख्या दीड कोटीच्या वर आहे.

आपण मुसलमान. नबुव्वत पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यावर पूर्ण झाली, हा आपला अकीदा आहे. त्यामुळे जोसेफ स्मिथचा दावा आपण मानत नाही, आणि मी आज त्याची वकिली करायला उभा नाही. पण एखाद्याचा दावा न मानणं वेगळं आणि त्याच्याबद्दल खोटं पसरू देणं वेगळं. कुणाच्या वैरापायी इन्साफ सोडू नका, ही ताकीद सूरह माइदामध्ये आपल्यालाच दिलेली आहे.

आणि या गोष्टीत आपलं नाव आधीपासून आहे. जोसेफ स्मिथच्या विरोधकांनी त्याला 'अमेरिकन महोमेट' म्हणून हिणवलं. नवा ग्रंथ, पैगंबरीचा दावा, बहुपत्नीत्व, तलवारीची भीती, असं सगळं एका माळेत ओवलं. म्हणजे युरोपने आपल्यासाठी शतकानुशतकं जी प्रतिमा तयार करून ठेवली होती, तीच काढून मॉर्मनांना चढवली. एकाच काठीने दोघांना मारलं.

ही काठी आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेली. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला. पुढे पुण्यात त्याने एक छोटी मंडळी जमवली. तिच्यात बहुतेक गोरे आणि मिश्र वंशाचे लोक होते. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांतून त्याच्याविरुद्ध लिहून आलं. माणूस नवा होता, पण त्याची बदनामी जहाजाने आधीच बंदराला लागली होती. काही वर्षांत ते प्रचारक परत गेले आणि पुण्यातली ती मंडळी विरून गेली.

आता पुन्हा कॉनन डॉईलकडे येऊ. त्याने हे सगळं लिहिलं तेव्हा तो इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावी डॉक्टरकी करत होता. अमेरिका त्याने तोवर पाहिलेली नव्हती. त्याच्या माहितीचा कस आपल्याला सहज लावता येतो. त्याची पुढची कादंबरी 'द साइन ऑफ फोर' 1890 ची. तिच्यात आग्र्याच्या किल्ल्यावर दोन शीख पहारेकरी आहेत. त्यांची नावं महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान! सोलापुरातलं शाळकरी पोरही हसेल. ज्या लेखकाला शिखांना कुठली नावं असतात हे ठाऊक नव्हतं, त्याचं मॉर्मनांविषयीचं ज्ञान किती पक्कं असेल?

बाहेरचा माणूस नीट लिहूच शकत नाही, असं मात्र नाही. रिचर्ड बर्टन हे नाव तुम्ही 'अरेबियन नाइट्स'मुळे ऐकलं असेल. मुंबई इलाख्याच्या लष्करातला अधिकारी, मराठीची परीक्षा दिलेला, 1853 मध्ये वेश बदलून मक्केला जाऊन आलेला. तो 1860 मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेला, लोकांत राहिला, ब्रिगहॅम यंगला भेटला आणि मग पुस्तक लिहिलं. त्यात त्याचे पूर्वग्रह आहेत, पण माणसं माणसांसारखी दिसतात. तो बघून लिहीत होता.

मॉर्मनांनी या बदनामीला काय उत्तर दिलं? आपल्या कामाचा भाग इथे आहे.

1888 मध्ये ऑर्सन व्हिटनी या त्यांच्या धर्माधिकाऱ्याने तरुणांपुढे भाषण केलं. आपलं साहित्य आपणच लिहू या, आपल्यातूनही मिल्टन आणि शेक्सपिअर निघतील, असं त्याने सांगितलं. त्या हाकेतून कथा-कादंबऱ्या आल्या. पण त्यातल्या पुष्कळशा निव्वळ प्रवचनवजा होत्या. सगळे मॉर्मन सज्जन, सगळे बाहेरचे वाट चुकलेले. घरचे लोक वाचत, बाहेर कुणी विचारत नसे. बदनामीला स्तुतीने उत्तर दिलं की ते घरातच फिरत राहतं.

पुढच्या पिढ्यांनी दुसरी वाट घेतली. ऑर्सन स्कॉट कार्डची 'एंडर्स गेम' 1985 मध्ये आली. ब्रँडन सँडरसन हा आजचा मोठा कल्पनारम्य कादंबरीकार, तो मॉर्मन विद्यापीठात लेखन शिकवतो. आणि 'ट्वायलाइट' तर तुमच्यातल्या अनेकींनी वाचली असेल, नाहीतर पाहिली असेल. तिची लेखिका स्टेफनी मेयर मॉर्मन आहे, त्याच विद्यापीठाची पदवीधर. पुस्तकात कुठे धर्माचं नाव नाही. पण लग्नाआधी संयम, कुटुंब मरणानंतरही टिकतं ही ओढ, मोहाला नाही म्हणणारा नायक, हे सगळं घरातूनच आलेलं आहे, असं पुष्कळ वाचकांना वाटतं. सात समुद्रापलीकडच्या मुली ते वाचतात आणि त्यांना कुणी प्रवचन दिल्यासारखं वाटत नाही.

2011 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'द बुक ऑफ मॉर्मन' नावाचं संगीत नाटक आलं. त्यात या पंथाची भरपूर टिंगल आहे. त्याला नऊ टोनी पुरस्कार मिळाले. चर्चने मोर्चे काढले नाहीत, बंदी मागितली नाही. उलट पुढे नाटकाच्याच माहितीपुस्तिकेत पैसे भरून जाहिरात दिली. नाटक बघितलंत, आता मूळ ग्रंथही वाचून बघा, असा तिचा आशय होता. मी असं म्हणत नाही की प्रत्येक अपमानावर जाहिरातच द्यावी. पैसा आणि संघटना असलेल्या चर्चला जे जमतं ते विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाला जमेलच असं नाही. शिवाय टिंगल वेगळी आणि दंगलीला चिथावणी वेगळी. चिथावणीला कायदा आहे, तिथे कायद्यानेच जावं. पण टिंगलीपुढे न चिडता उभं राहता येतं, एवढं त्यांनी दाखवलं.

या सगळ्यांपेक्षा मला मोठी वाटते ती जुआनिटा ब्रूक्स. यूटा राज्याच्या सेंट जॉर्ज गावातली शिक्षिका, श्रद्धाळू मॉर्मन. 11 सप्टेंबर 1857 रोजी माउंटन मेडोज इथे मॉर्मन सशस्त्र दलाने वाटसरूंच्या तांड्यातली सुमारे 120 माणसं मारली होती, त्यात बायका-मुलंही होती. समाज हा विषय काढायचा नाही. शत्रू मात्र तो पुन्हा पुन्हा काढायचे. ब्रूक्सबाईंनी वर्षानुवर्षं कागद गोळा केले आणि 1950 मध्ये त्या हत्याकांडाचा इतिहास छापला. आपल्या लोकांचा दोष लपवला नाही आणि त्याआधी त्यांच्यावर झालेला जुलूमही विसरल्या नाहीत. गावात त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं गेलं. त्यांनी ना लिहिणं सोडलं, ना धर्म. 2007 मध्ये, दीडशे वर्षांनी, चर्चच्या नेत्याने त्या जागी जाहीर खेद व्यक्त केला.

बहुपत्नीत्वाचंही तसंच. कॉनन डॉईलने तिखटमीठ लावलं, पण ती प्रथा खरी होती. 1890 मध्ये चर्चने ती बंद करण्याची घोषणा केली. 1978 पर्यंत काळ्या पुरुषांना त्यांच्या धर्मात पुरोहितपद नव्हतं, हेही खरं. आपलं दुखणं आपण नाही सांगितलं तर ते दुसरा सांगतो, आणि त्याच्या सोयीने सांगतो.

आता घराकडे येतो. या शहरात हे बोलणं नवं नाही. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. त्या चौघांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवत होते. 1931 च्या जानेवारीत येरवड्यात फाशी गेले, पण त्याआधी ते लिहीत होते. शाहीर अमर शेख आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. डॉ. यू. म. पठाण करमाळ्याचे, 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आणि त्याच 1990 मध्ये पहिलं अखिल भारतीय मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरलं ते याच सोलापुरात. त्याच्या पुढाकारात प्रा. फकरुद्दीन बेन्नूर होते. मराठी ही आमची भाषा आहे आणि तिच्यात आमचं जगणं आम्ही लिहू, हा त्या संमेलनाचा सांगावा होता. बेन्नूर सर 2018 मध्ये गेले. 'भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि सामाजिक संरचना' हे त्यांचं पुस्तक तुमच्यातल्या किती जणांनी उघडलं आहे, हे मी विचारत नाही. हात वर करताना लाज वाटेल, मलाही आणि तुम्हालाही.

मराठी कथा-चित्रपटांतला मुसलमान आपल्याला माहीत आहे. सुरमा, हिरवा झगा, क्रूर हसणं. नाहीतर मग जीव देणारा एखादा इमानी चाचा. मधला माणूस कुठे आहे? यंत्रमागावर रात्रपाळी करून बी.कॉम. करणारा, बहिणीच्या हुंड्यावरून अब्बांशी भांडणारा, घरी दखनी आणि दारात मराठी बोलणारा? त्याला लिहायला कुणी पुण्या-मुंबईहून येणार नाही.

लिहाल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. नुसती सफाई देऊ नका, ब्रूक्सबाईंसारखं आपल्या घरातलंही लिहा. आणि जसं आपल्याविषयी लिहिलं जावं असं वाटतं, तसं इतरांविषयी वाचा. जैन शेजारी असो, लिंगायत मित्र असो, नाहीतर कधी न भेटलेला मॉर्मन.

शेवटचं एक सांगतो. मॉर्मनांनी इलिनॉय राज्यात नॉवू नावाचं गाव वसवलं होतं. 1841 मध्ये तिथल्या नगर परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा नियम केला. ज्यांना हे स्वातंत्र्य राहील त्या पंथांची त्यात यादी आहे आणि त्या यादीत मुसलमानांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या काळी तिथे मुसलमान शोधून सापडला असता की नाही, कोण जाणे. 2015 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मुसलमानांना येऊ देऊ नका अशी मागणी जाहीरपणे झाली. दुसऱ्याच दिवशी मॉर्मन चर्चने निवेदन काढलं आणि तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा नियम लोकांपुढे ठेवला.

त्यांनी आपल्याला पाहिलेलं नव्हतं, तरी कायद्यात आपल्याला जागा ठेवली. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, आणि नववीत त्यांना खुनी ठरवून मोकळा झालो होतो. ते पुस्तक आज हातात आलं तर पेन्सिलीचं दुसरं प्रश्नचिन्ह मी ल्यूसी फेरियरच्या पानावर काढीन.