मोबाइलच्या पोटातला स्फटिक

मीडियम वेव्हच्या रेडिओत आलेला संदेश आधी साधारण ४५५ किलोहर्ट्झवर उतरवतात. ही सुपरहेटरोडाइन रचना एडविन आर्मस्ट्राँग यांची, १९१८ मधली. आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये हा मधला टप्पा गाळून बरेचसे काम एकाच चिपवर उरकतात. हटून बसलाय तो फिल्टर, म्हणजे हवी ती वारंवारता निवडणारा भाग. एक गिगाहर्ट्झची लहर हवेत ३० सेंटिमीटर लांब. खिशातल्या यंत्रात ती निवडायची कशी? युक्ती झकास आहे: विजेचा संदेश स्फटिकाच्या पृष्ठभागावर कंपन म्हणून सोडायचा. कंपन सेकंदाला जेमतेम चार किलोमीटर धावते, म्हणून लांबी उरते सुमारे चार मायक्रॉन! हवी ती कंपने पुन्हा विजेत बदलतात. नकोशा वारंवारतांचे तिथे फारसे चालत नाही. फाइव्ह-जीने वारंवारतांचे पट्टे वाढवले, तसे हे फिल्टरही वाढले.