मंगळावरच्या गोष्टी आणि आपले लोणार
(वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



आपल्या पुस्तकपेटीच्या यादीतून विज्ञानकथा गाळाव्यात, अशी एक सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. मंगळावरच्या राक्षसांच्या गोष्टी वाचून मुली काय शिकणार, असा सवाल आहे. सवाल रास्त आहे, म्हणूनच आज लोणच्या-पापडांचा विषय बाजूला ठेवून यावर बोलते.

अमेरिकेत एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांचे मासिक काढले. अशी मासिके लाकडाच्या लगद्याच्या भरड, स्वस्त कागदावर छापत, म्हणून त्यांना ‘पल्प’ हे नाव पडले. आपण मात्र या वाटेला आधीच लागलो होतो. कृष्णाजी आत्माराम गुर्जर यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून केलेली ‘चंद्रलोकची सफर’ ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० सालीच येऊ लागली होती!

त्या पल्पमधली सूर्यमाला मोठी गमतीची होती. शुक्रावर सदा ढग दिसतात, तेव्हा खाली दलदल आणि घनदाट अरण्य असणार! मंगळावर कालवे, त्यांच्या काठी मरणपंथाला लागलेली प्राचीन नगरे. बुधाची एक बाजू कायम उन्हात, दुसरी कायम काळोखात, आणि मधल्या संधिप्रकाशात माणसांची वस्ती. हे सारेच काही लेखकांच्या मनचे नव्हते. त्या काळी पुष्कळ जाणत्यांचाही तसाच तर्क होता.

आता मुख्य मुद्दा. या गोष्टी लिहिणाऱ्यांत बायका होत्या. क्लेअर विंगर हॅरिस यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’च्या स्पर्धेत तिसरे बक्षीस मिळवले आणि १९२७ साली त्यांची कथा त्यांच्याच नावाने छापून आली. कॅथरीन मूर इंडियानापोलिसच्या एका बँकेत नोकरीला होत्या. मंदीचे दिवस. दुसरी मिळकत कळली तर नोकरी जायची, म्हणून त्यांनी नुसती आद्याक्षरे लावली. १९३३ साली मंगळावर घडणारी त्यांची ‘शाम्ब्लो’ गाजली. हेन्री कटनर या लेखकाने त्यांना ‘श्रीयुत मूर’ समजून पत्र धाडले. पुढे १९४० मध्ये दोघांचे लग्न झाले. ली ब्रॅकेट यांचे नाव वाचून तर एका नामांकित चित्रपट-दिग्दर्शकाने पुरुष लेखक समजूनच त्यांना बोलावले होते.

आपल्याकडेही नाव झाकले गेले, पण कारण निराळे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरे उलटी केलेली! हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली मंगलाबाईंनी, आणि त्या स्वतः गणिताच्या विदुषी. कथेला पहिले बक्षीस मिळाले.

ते कालवे आणि ती अरण्ये पुढे टिकली नाहीत. १९६२ साली मरिनर-२ यानाने शुक्र भट्टीसारखा तापलेला असल्याचे कळवले. १९६५ मध्ये बुध स्वतःभोवती फिरतो हे रडारने दाखवले, आणि त्याच वर्षी मरिनर-४ ने मंगळाची छायाचित्रे पाठवली. त्यांत ना कालवे, ना नगरे. होती ती विवरे.

विवर म्हणताच आपल्याला लोणार आठवणार. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा अशनीच्या आघाताने झाला, आणि तोही काळ्या पाषाणात. चंद्राची नि मंगळाची पुष्कळशी जमीन याच जातीच्या दगडाची, म्हणून तिथली विवरे समजून घ्यायला शास्त्रज्ञ आपल्या जिल्ह्यात येतात. आपण मात्र लवणासुराची कथा सांगून, दैत्यसूदनाचे दर्शन घेऊन परततो. कथा सांगावीच, पण मुलीने पुढे ‘खड्डा कसा पडला?’ विचारले, तर तिला उत्तरही हवे ना? तो प्रश्न सुचण्यासाठी मला या गोष्टी पेटीत हव्या आहेत, मग त्यातले शास्त्र जुने झालेले का असेना.

नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ची माझी प्रत मेजावर ठेवली आहे. सूचनेवर मत देण्याआधी निदान एक कथा वाचावी, एवढी विनंती. प्रत घरी नेणारीने वहीत नाव लिहावे, आणि ते पूर्ण लिहावे.