सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग पुढे काय?



लग्नाला तीन-चार वर्षं झाली की सिंगापुरातल्या आपल्या जोडप्यांना पुण्याहून, नागपूरहून फोनवर हमखास विचारणा होते, 'काय, काही विशेष?' सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आले आणि तरी दिवस राहत नाहीत, अशांनी यावर काय सांगायचं? आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

वर्षभर प्रयत्न करून यश आलं नाही, तर तपासणी करावी. बायकोने पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनीच. बीज वेळेवर फुटतं का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का आणि नवऱ्याचे शुक्रजंतू पुरेसे व चपळ आहेत का, हे मुख्यतः पाहतात. यातली शेवटची तपासणी सगळ्यांत सोपी, पण आपल्या घरांत बहुधा तीच सगळ्यात उशिरा होते. हा क्रम बदलायला हवा. शंभरातल्या पंधरा ते तीस जोडप्यांत यांपैकी कशातच खोट सापडत नाही. बीज आणि शुक्रजंतू एकत्र येणं, गर्भ रुजणं, यातले बारकावे आजच्या तपासण्यांना दिसत नाहीत. तेव्हा दोष कुणाच्याच माथी मारता येत नाही.

अशा वेळी डॉक्टर बहुतेकदा आधी आययूआय, म्हणजे शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, सुचवतात. पाळी सुरू झाली की पाच दिवस क्लोमिफिन किंवा लेट्रोझोलच्या गोळ्या. मग सोनोग्राफीत बीजाच्या पिशवीची वाढ बघत राहायचं. ती साधारण 18 मिलिमीटरची झाली की बीज फुटण्याचं इंजेक्शन देतात आणि सुमारे दीड दिवसाने नवऱ्याचं वीर्य घेतात. ते प्रयोगशाळेत धुऊन चपळ शुक्रजंतू वेगळे काढतात आणि एका मऊ, बारीक नळीतून थेट गर्भाशयात सोडतात. भूल नाही, टाका नाही. काही मिनिटांचं काम; बाई त्याच दिवशी ऑफिसला जाऊ शकते. मग दोन आठवडे वाट पाहायची, आणि तेच सगळ्यात जड जातं.

याचा उपयोग किती? न्यूझीलंडमधल्या 201 जोडप्यांचा अभ्यास 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. क्लोमिफिनसह तीन वेळा आययूआय केलेल्यांपैकी 31 टक्के घरांत मूल आलं. नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी 9 टक्के. फरक मोठा आहे, पण दहांपैकी सात जणींच्या हाती तरीही काही लागलं नाही, हेही ऐकून ठेवा. वय कमी आहे, प्रयत्न सुरू करून फार काळ झालेला नाही, अशांना सहा महिने थांबूनही तितकंच यश मिळतं, असं 2006 साली नेदरलँड्समध्ये दिसलं होतं. शिवाय गोळ्यांमुळे जुळ्यांची शक्यता वाढते. जास्त बीजं वाढलेली दिसली तर डॉक्टर ती खेप रद्द करतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

सिंगापूरला हा विषय नवा नाही. प्राध्यापक एस. एस. रत्नम यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून 1983 साली इथे टेस्ट ट्यूब बेबी जन्मलं. पुढे जानेवारी 2020 पासून सरकारी रुग्णालयांतल्या आययूआयलाही अनुदान सुरू झालं: दोघेही नागरिक असतील तर खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत, एका वेळी जास्तीत जास्त 1,000 डॉलर, आणि तेही तीनच वेळा. नवरा-बायकोंपैकी निदान एकजण नागरिक असावा लागतो, त्यामुळे एम्प्लॉयमेंट पासवर आलेल्या आपल्या बऱ्याच घरांना सगळा खर्च पदरचाच.

म्हणून पहिल्या खेपेआधीच नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारा: आमच्या वयाला थांबणं परवडेल का? किती वेळा करायचं? आणि नाहीच जमलं, तर आयव्हीएफकडे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराकडे, कधी वळायचं? उत्तरं कागदावर लिहून घ्या. दर महिन्याला 'अजून एकदा करून बघू' म्हणत गेलात, तर पैसा जातोच, पण त्याहून मोलाचं वय निघून जातं.