बाजार पाहून पिशवी भरत नाही



आलापल्लीच्या माणसाला आठवडी बाजाराचं महत्त्व सांगावं लागत नाही. सागाच्या जंगलातल्या टोल्यांवरून बायाबापड्या पायी येतात. मीठ, तेल, मिरची घेतात. लेक दिली त्या गावचं कुणी भेटलं की खुशाली विचारतात. डब्यात मीठ शिल्लक असलं तरी बाजार चुकवत नाहीत. मग आपण ख्रिस्ती माणसं रविवारची मिस्सा का चुकवतो? आज मला एवढंच विचारायचं आहे.

हल्ली उत्तर मिळतं, “मोबाईलवर पाहिली की!” 2020 साली कोरोनामुळे चर्चची दारं बंद झाली, तेव्हा त्या पडद्यानं आधार दिला, हे खरं. अंथरुणाला खिळलेल्या आजीला तो आजही आहे. पण धडधाकट माणसानं मला सांगावं, बाजार मोबाईलवर पाहिला तर पिशवीत मीठ येतं का? मिस्सा हा पाहायचा कार्यक्रम नाही. तिथं प्रभू स्वतःला अर्पण करतो आणि भाकर होऊन आपल्या मुखात येतो. पडद्यातून ती भाकर येत नाही.

रोमन सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती सभांवर बंदी घातली होती. तरी इ.स. 304 मध्ये आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावात 49 माणसं एका घरात जमली आणि पकडली गेली. हुकूम का मोडलात, असं विचारल्यावर, रविवारच्या या भोजनाविना आम्हाला जगताच येत नाही, असं त्यांनी सांगितलं. एकेकट्यानं घरी प्रार्थना केली असती, तर कदाचित जीव वाचले असते. त्यांना जमायचं होतं, श्रोतेहो. जमायचं होतं!

आपल्याकडे 1962 साली चांदा मिशन केरळच्या सीएमआय संघाच्या धर्मगुरूंकडे आलं, 1977 साली धर्मप्रांत झाला. हे फादर इतक्या दूर, परक्या मुलखात आले, ते वेदीभोवती आपण चार माणसं जमावीत म्हणूनच ना?

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. मे महिन्यात पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जावं लागतं, पुडके बांधून संकलनाच्या फळीवर न्यावे लागतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट तुटते. आजारी माणूस, त्याची शुश्रूषा करणारी, वाट बंद झालेला, यांना चर्च दोष देत नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते. पण हंगाम संपला, पूर ओसरला, तरी ज्यांचे पाय घराबाहेर निघत नाहीत, त्यांना मी हे म्हणतोय.

आणखी एक. बाजारातलं मीठ शेजारी आणून देईल. मिस्सा कुणी कुणासाठी आणून देत नाही. बायको गेली, मुलं गेली, म्हणजे घरधन्याचं जाणं झालं, असं होत नाही.

   

म्हणून जाता जाता पुन्हा तेच सांगतो. बाजार पाहून पिशवी भरत नाही. येत्या रविवारी मोबाईल घरी ठेवा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरा आणि मिस्साला या.